नासिक लेख व भांडारकरांचे इतिहासलेखन
प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास व त्या काळी परकीयांशी आलेले त्याचे संबंध यांची साधार मांडणी ज्यांनी प्रथम केली, त्यांत सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर (६ जुलै १८३७–२४ ऑगस्ट १९२५) यांचे स्थान अग्रगण्य आहे. या मांडणीचा एक प्रमुख आधार म्हणजे नासिकच्या नैर्ऋत्येस सु. ८ किमी. अंतरावरील त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजेच पांडवलेण्यांतील ब्राह्मी लेख. १८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी भांडारकरांनी या लेखांवर निबंध पाठविला. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी त्यांनी अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन हा ग्रंथ लिहिला (१८८४, दुसरी आवृ. १८९५). त्यातील सातवाहन कालखंडाचे विवेचन मोठ्या प्रमाणावर या लेखांवर उभे आहे.

या लेखांचे विशेष महत्त्व असे, की त्यांत परकीय स्वतःच्या शब्दांत बोलतात. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात (ऋषभदत्त) हा शक होता. त्याने येथे लेणे खोदविले आणि आपल्या दानांची नोंद केली. तीत दान दिलेल्या ३,००,००० गायी, प्रभास तीर्थी ब्राह्मणांच्या विवाहासाठी केलेले साहाय्य, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथील धर्मशाळा आणि पारदा, दमण, तापी, डहाणुका इ. नद्यांवरील मोफत नावा यांचा समावेश होतो. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज होते; त्याच्या वार्षिक २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. दुसऱ्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील यवन होता. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीत विष्णुदत्ता या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेविली. याउलट पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातील, त्याची आजी गौतमी बलश्री हिच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती शक, यवन व पल्हव यांचा संहारक, क्षहरात वंशाचा उच्छेदक आणि वर्णसंकर थांबविणारा राजा म्हणून केली आहे.

भांडारकरांपूर्वी जॉन स्टीव्हन्सन प्रभृतींनी हे लेख वाचण्याचा प्रयत्न केला होता. संस्कृत व प्राकृत व्याकरणावरील प्रभुत्वामुळे भांडारकरांना त्यांचा अर्थ अधिक नेमकेपणाने लावता आला. पुराणांतील वंशावळी, नाणी, ग्रीक प्रवासवर्णने व शिलालेख ही साधने त्यांनी परस्परांशी ताडून पाहिली व त्यांत समकालीन लेखाला अग्रमान दिला. राजांच्या क्रमावरच न थांबता सातवाहनकालीन धार्मिक, सामाजिक व आर्थिक स्थितीसाठी त्यांनी स्वतंत्र विवेचन केले. व्यापारी श्रेणी, ठेवी, दळणवळण आणि भडोच, पैठण, तगर यांना जोडणारा व्यापार हे विषय त्यामुळे दख्खनच्या इतिहासात आले.

त्यांच्या कालगणनेतील काही निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. बलश्रीचा उल्लेख एका महाराजाची माता व दुसऱ्या महाराजाची पितामही असा येतो. यावरून गौतमीपुत्र धान्यकटकास व पुळुमावी पैठणास एकाच वेळी राज्य करीत होते, असे त्यांनी मानले. परंतु वृद्ध स्त्रीने पुत्र व नातू या दोघांचाही गौरव करावा, यावरून दोघे एककालीन ठरत नाहीत. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या लेखात पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. म्हणजे नासिकचा प्रदेश त्याने क्षहरातांकडून घेतला होता. १९०६ मध्ये नासिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची सु. १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उमटविली होती. या पुराव्याने नहपानाचा जेता निश्चित झाला आणि संयुक्त राज्याची उपपत्ती बहुतेक विद्वानांनी सोडून दिली. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा हा पुरावा उपलब्ध नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याचप्रमाणे तगर म्हणजे धारूर हे त्यांचे मत, जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेर असल्याचे दाखविल्यावर मागे पडले.

नहपानाच्या ४१ ते ४६ या वर्षांचा प्रश्न अधिक बिकट आहे. भांडारकरांनी ती शक संवताची मानली. त्यानुसार त्याचा अंतकाळ इ. स. १२४ च्या सुमारास येतो. पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून आलेला मॅम्बनस हा नहपानच असल्यास तो त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ होऊन गेला, असे म्हणावे लागते. अलीकडील अनेक नाणकशास्त्रज्ञांचा कल या दुसऱ्या मताकडे आहे. हा वाद केवळ सनावळीचा नाही. पूर्वीचा काळ स्वीकारल्यास क्षहरात–सातवाहन संघर्ष रोमन व्यापाराच्या भरभराटीच्या काळात येतो. कल्याण बंदराकडे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, ही पेरिप्लसमधील माहिती आणि नासिकचे लेख मग एकाच स्पर्धेच्या दोन बाजू ठरतात. घाटवाटा व बंदरे यांसाठी झालेले हे युद्ध होते, हा अर्थ त्यातून स्पष्ट होतो.

परकीयांविषयीच्या त्यांच्या सामान्य सिद्धांतालाही मर्यादा आहेत. ‘अ पीप इंटू द अर्ली हिस्टरी ऑफ इंडिया’ (१९००) या निबंधात मौर्यांनंतर गुप्तांपर्यंतचा काळ त्यांनी परकीय सत्तांचा, बौद्ध धर्माच्या उत्कर्षाचा व वैदिक परंपरेच्या पीछेहाटीचा म्हणून रंगविला. गुप्तकाल हा त्यांना पुनरुज्जीवनाचा वाटला. नासिकचा पुरावा या चित्राशी पूर्णपणे जुळत नाही. उषवदात ब्राह्मणांना व भिक्षूंना सारख्याच औदार्याने देतो. त्याच्या लेखाची भाषाही संस्कृतकडे झुकते. शक महाक्षत्रप रुद्रदामन् याचा इ. स. १५० चा जुनागढ लेख तर शुद्ध संस्कृतात आहे. ज्याला पीछेहाट म्हटले, त्या काळाची ही साक्ष आहे.

बलश्रीच्या प्रशस्तीचा अर्थही सावधपणे लावावा लागतो. ज्या वंशात वर्णसंकर थांबविल्याचा अभिमान आहे, त्याच वंशातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक महाक्षत्रपाची कन्या होती, असे कान्हेरीचा लेख सांगतो. रुद्रदामनानेही दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकूनही निकट संबंधामुळे नष्ट केले नाही, असे म्हटले आहे. प्रशस्तीत शत्रू असलेला शक प्रत्यक्ष व्यवहारात व्याही होता. भांडारकरांच्या पद्धतीतच हा निष्कर्ष अनुस्यूत आहे. कारण साधनांची तुलना केल्यावाचून कोणतेही एक साधन प्रमाण मानू नये, हीच त्यांची शिकवण होती. त्यांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी हिंदू समाजातील परकीय घटकांवरील निबंधात (१९११) हा धागा पुढे नेला.

भांडारकर प्रार्थना समाजाचे नेते व समाजसुधारक होते. जातिसंस्था अनादी व अचल नाही, हे दाखविण्यात त्यांना आस्था होती. तथापि त्या आस्थेने त्यांच्या वाचनातील अक्षर बदलले नाही. त्यांच्या अनेक तारखा आज बदलल्या आहेत. परंतु शक व यवन यांना केवळ आक्रमक न मानता दाते, ठेवीदार व आप्त म्हणून लेखांच्या साक्षीने पाहण्याची वाट त्यांच्या लेखनाने मोकळी केली. नासिकच्या लेखांचा अभ्यास आजही त्याच वाटेने चालू आहे.