नागाच्या पोटात वीस टन

अवकाशयान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी पांढरेशुभ्र, निमुळते आणि सरकारी खर्चाने उडालेले उभे राहते. आत बसलेली माणसेही तशीच. विश्वाचे कल्याण हा त्यांचा पेशा. इंधनाचे पैसे कोण देतो, हे ती कधी विचारीत नाहीत. म्हणून ‘एलिट’ या खेळातल्या ‘कोब्रा मार्क थ्री’ या यानाविषयी लिहावे, असे फार दिवस मनात होते. हे यान स्वतःचे पोट स्वतः भरते.

खेळ १९८४ सालचा. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या दोन पोरांनी तो बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकासाठी लिहिला. या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट. आमच्या भाचीच्या लग्नातला एक फोटोसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. त्यात यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. त्याच सुमाराला आपल्या सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून हेच बीबीसी मायक्रो देशातल्या निवडक शाळांना दिले होते. नळदुर्गात माझ्यापर्यंत मात्र हा खेळ आला तो पुण्याच्या भाच्याच्या लॅपटॉपवरून, चाळीस वर्षे उशिरा. एस.टी.ची सवय असलेल्या माणसाला एवढे चालते.

‘कोब्रा’ म्हटल्यावर माझ्या मनात आधी पुण्याची एक विशिष्ट काटकसर उभी राहिली. पण इथे बहुतेक याने सापांच्या नावाची आहेत. अजगर आहे, मांबा आहे, आपली मण्यारसुद्धा ‘क्रेट’ होऊन फिरते आहे. कोब्रा काळ्या पडद्यावर नुसत्या रेघांनी काढलेला. फणा म्हणायचा तर म्हणा. मला तो पालथ्या घातलेल्या सुपासारखा दिसतो.

सुरुवातीला हे सूप, १०० क्रेडिट एवढी रोकड, एक मामुली लेसर, तीन क्षेपणास्त्रे आणि सात प्रकाशवर्षे पुरेल एवढे इंधन हाती देतात आणि लेव्ह नावाच्या ग्रहापाशी सोडतात. पोटात वीस टन माल मावतो. पुढे काय करायचे, ते कोणी सांगत नाही. त्या काळच्या बहुतेक खेळांत तीन जीव देत आणि गुण मोजत. इथे जीव एकच आणि गुणांऐवजी शिल्लक. म्हणजे आपल्यासारखेच.

नळदुर्ग हे सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. पावसाळ्यात पाणीमहालावरचे नर-मादी धबधबे बघायला माणसे येतात, आणि ट्रक बाराही महिने जातात. आमच्या शेजारी असाच एक ट्रकवाला राहतो. भाचा खेळत असताना तो चहा पीत मागे उभा होता. लढाई झाली, स्फोट झाले. गड्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी म्हणाला, “मास्तर, जाताना धान्य भरलं. येताना काय भरतोय?”

भाच्याने सांगितले, “शेतीच्या ग्रहावरून धान्य न्यायचं, कारखान्यांच्या ग्रहावरून संगणक आणायचे.”

“मग बरोबर हाय. परतीचं भाडं नसंल तर धंदा बसला की.”

या यानाचे याहून नेमके परीक्षण माझ्या वाचनात नाही. कोब्रा उत्तम लढाऊ विमान नव्हे आणि उत्तम ट्रकही नव्हे. दोन्ही थोडे थोडे आहे, आणि त्यातच त्याची सारी गंमत आहे. ४०० क्रेडिट साठले की पोट ३५ टनांचे करून घ्यावे, की हजार साठेपर्यंत कळ काढून चांगला लेसर घ्यावा? माल वाढवला तर लुटारूंची भीती. लेसर घ्यावा तर तोवर कमाई वीस टनांचीच. ज्या घरात मिक्सर आणि पोराची फी एकाच महिन्यात आली आहे, तिथे हे निराळे समजावून सांगायला नको. शिवाय या मूळ खेळात यान बदलता येत नाही. पदरी पडले ते पवित्र.

आणि नवशिक्याला लुटारूंइतकीच भीती घरी परतण्याची. अवकाशस्थानक स्वतःभोवती गरगरत असते. त्याच्या एका फटीतून, त्याच्याच गतीने गिरकी घेत आत शिरायचे. आमच्या किल्ल्याच्या दरवाजातून बैलगाडी आत घ्यायची आहे आणि दरवाजा फिरतो आहे, अशी कल्पना करा.

आता दोष. बाजारात घासाघीस नाही. पडद्यावर भाव येतो, तो मुकाट द्यायचा. हे आमच्या आठवडी बाजारात सांगितले तर लोक अंगावर येतील. पण खरी खटकणारी गोष्ट दुसरीच. मालाच्या यादीत धान्य, कापड, दारू यांच्या पंगतीला ‘गुलाम’ बसवले आहेत, टनांच्या मापाने. यान त्यांनाही निमूट पोटात घेते. पोलिसांच्या वहीत नाव लागते खरे, पण हजार क्रेडिटची सुटका-कुपी घेऊन यानातून उडी मारली की माल जातो, विम्यातून नवे यान मिळते आणि गुन्हे साफ! आपल्याकडे ही सोय फक्त पक्ष बदलणाऱ्यांना आहे. भाच्याने एकदा चार टन घेतले. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “मामा, नुसता आकडा आहे.” खरे आहे. पण धान्यही नुसता आकडाच असते, आणि ते चढ्या भावाने विकले गेले की हा खुर्चीतून उडतो. एका आकड्याचा आनंद होतो, तर दुसऱ्याची लाज का वाटू नये? त्याने ते चार टन विकले. जेवताना गप्प होता.

कोब्रा माझ्या मनातून उतरतो तो श्रीमंत झाल्यावर. ‘एलिट’ ही पदवी मिळवायला ६,४०० याने पाडावी लागतात. तोवर घेण्यासारखे काही उरत नाही. त्यातच १,५०० क्रेडिटला असे एक यंत्र मिळते, की यान आपोआप फटीतून आत जाते. कमोडोर ६४ या संगणकावरच्या आवृत्तीत तर तेवढा वेळ ‘ब्लू डॅन्यूब’ची धून वाजते. भाच्याने परवा शेजाऱ्याला हे कौतुकाने दाखवले. त्याने शेवटपर्यंत पाहिले, कप खाली ठेवला आणि विचारले, “मग ह्यो ड्रायव्हर कशाला ठेवलाय?”