देव छापले, गाव राहिलं

बंगळुरूची जुनी छापील दृश्यं पाहायला गेलं की सारखी एकाच फौजेची गाठ पडते. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने टिपूकडून इथला किल्ला घेतला. त्या मोहिमेत त्याच्या सैन्याबरोबर रॉबर्ट होम हा चित्रकार होता आणि तोफखान्यातला लेफ्टनंट जेम्स हंटरही. होमचा म्हैसूर-दृश्यांचा संग्रह १७९४ मध्ये छापला गेला. हंटर १७९२ मध्येच वारला. त्याची चित्रं रंगीत अ‍ॅक्वाटिंट छापचित्रं होऊन १८०४-०५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. किल्ल्याचा दिल्ली दरवाजा, टिपूचा वाडा, सगळं त्यात आहे. चित्रं देखणी आहेत, पण ती विकली गेली विलायतेतल्या गिऱ्हाइकाला. ज्या गावाची, त्या गावाच्या भिंतीवर ती लागली नाहीत.

याउलट एदो, म्हणजे आजचं टोकियो. १८५५च्या भूकंपाने ते शहर मोडलं आणि पुढच्याच वर्षी चित्रकार हिरोशिगेने एदोच्या शंभर प्रसिद्ध स्थळांची मालिका सुरू केली. १८५८ मध्ये तो गेला तोवर चित्रं शंभराच्या वर गेली होती. ती एदोच्याच माणसांनी घेतली, सोबाच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतीत. इतकं स्वस्त जमलं, कारण काम वाटलेलं होतं. चित्रकार रेषा काढी, कोरणारा ती चेरीच्या फळीत उतरवी, प्रत्येक रंगाला वेगळी फळी लागे. छापणारा फळीवर पाण्यातला रंग लावून तुतीच्या सालीचा कागद ठेवी आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने पाठीवरून घासे. कागद दरवेळी नेमका तिथेच बसावा म्हणून फळीच्या कडेला खाच असे. आभाळाचा निळा वरून खाली विरत जातो ती किमया फळीवरचा रंग पुसून घेणाऱ्या हाताची. या सगळ्यांवर पैसे लावणारा प्रकाशक असे. शंभर स्थळांच्या मालिकेमागे उओया एइकिची उभा होता. हिरोशिगेइतकंच श्रेय मी त्याला देईन.

असे प्रकाशक आपल्याकडे नव्हते असं नाही. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि स्वस्त रंगीत चित्र घरोघर पोचलं. पण त्या चित्रांत आले देव, पुराणातल्या नायिका आणि ऐतिहासिक पुरुष. आपला घाट, आपलं तळं, आपली पेठ पैसे देऊन विकत घ्यावी असं आपल्याला तेव्हा वाटलंच नाही.

बंगळुरूचा थोर निसर्गचित्रकार के. वेंकटप्पा. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या या शिष्याने धुकं रंगवलं ते उटी आणि कोडाईकनालचं, आणि तेही जलरंगात. एकाच प्रतीचं काम. जपानी चित्रकार हिरोशी योशिदा १९३०-३१ मध्ये भारतात फिरला. परतल्यावर त्याने ताजमहाल, कांचनगंगा, काशीचे घाट, उदयपूर, मदुरा लाकडावरून छापलं. बंगळुरू त्यातही नाही.

आज शहरात साधनांचा तोटा नाही. चित्रकला परिषदेत मुद्राचित्रण शिकवलं जातं, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय २००९ पासून आहे, कस्तुरबा रस्त्यावर मॅप या कलासंग्रहालयाची नवी इमारत २०२३ मध्ये उघडली. तरी शिकलेल्या मुद्राचित्रकारांचं काम पाहताना मला एक खटकतं. हात तयार आहे, ठसा स्वच्छ आहे, पण विषय बहुतेक स्वतःच्या मनातला. प्रतींचे आकडे मोजके, गिऱ्हाईक संग्राहक. शहर कुठेतरी कोपऱ्यात.

मग शहर कुणी छापलं? पॉल फर्नांडिस या व्यंगचित्रकाराने. साठ-सत्तरच्या दशकांतलं बंगळुरू, त्यातले बंगले, सायकली, सिनेमागृहं त्याने गमतीदार जलरंगांत उतरवली, आणि त्यांच्या छापील प्रती लोक घरी लावतात. समीक्षक याला कला म्हणताना अडखळतील. एदोतही छापील चित्रांना फार मान नव्हताच. माझी तक्रार वेगळी आहे: त्याचं शहर नेहमी हसरं असतं. हिरोशिगेच्या चित्रांत पाऊस माणसाला खरोखर झोडपतो.

आणि इथे झोडपण्यासारखं काय कमी घडलं? संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम उभं राहिलं, धर्मांबुधी तळ्यात मॅजेस्टिकचं बसस्थानक. तळ्यांच्या या शहरात उरलेल्या तळ्यांची एक मालिकासुद्धा लाकडावर कोरली गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कोरणारे हात लांब शोधायला नकोत. सागर-सोरब भागातले गुडिगार कारागीर चंदनात याहून बारीक काम करतात. चित्रकार परिषदेत आहेत. विकायला दर जानेवारीत कुमार कृपा रस्त्यावर चित्रसंते भरते. नाही तो फक्त प्रकाशक. शहरात इतका पैसा फिरतो आहे; त्यातला थोडा कुणीतरी दहा-बारा फळ्यांवर लावावा, आणि किंमत अशी ठेवावी की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही ते चित्र नेता येईल.