मावळांतील दोन कादंबऱ्या व संशोधकाची दृष्टि

पावसाळ्याचे चार महिने लोणावळ्यास जुनीं दप्तरें उघडूं नयेत, हा नियम येथें कागद बाळगणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. घाटमाथ्यावरील हवेंतली ओल रुमालांत शिरली म्हणजे शाई पसरते, पानें एकमेकांस चिकटतात आणि कसरीचें फावतें. सबब आषाढ-श्रावणांत पोथ्या बासनांत बांधून ठेवाव्या व छापील पुस्तकें वाचावीं, हें ओघानेंच येतें. सध्यां मी कादंबऱ्या वाचीत आहें, आणि आनंदानें वाचीत आहें.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांस हें विधान चमत्कारिक वाटेल. परंतु इ. स. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'कादंबरी' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे, आणि हा मनुष्य कादंबऱ्यांचा हावरा वाचक होता हें त्या निबंधावरून स्पष्ट दिसतें. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ त काढणाऱ्या पुरुषास जें वाचन हलकें वाटलें नाहीं, तें आपणांस वाटण्याचें प्रयोजन दिसत नाहीं.

माझ्या पुढ्यांत दोन पुस्तकें मुख्यतः आहेत. गो. नी. दांडेकर यांची 'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) व त्यांचीच 'माचीवरला बुधा' (१९५८). पहिलीचें स्थळ पवन मावळांतील तुंग किल्ल्याचा परिसर, दुसरीचें राजमाची. ताडून पाहण्यासाठीं हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) व रा. भि. गुंजीकरांचें 'मोचनगड' (१८७१) हीं जवळ ठेविलीं आहेत. हीं चारहि पुस्तकें पूर्वीं वाचलेलीं होतीं. परंतु एकामागून एक अशीं वाचतांना एक प्रश्न उभा राहिला व तो या पानांत मांडण्यासारखा आहे. इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोगी कादंबरी कोणती? जींत ऐतिहासिक पुरुष वावरतात ती, कीं जींत एकहि वावरत नाहीं ती?

प्रथम नांवाचा विचार करूं. मराठीनें या ग्रंथप्रकारास बाणभट्टाच्या एका ग्रंथाचें नांव दिलें आहे. बंगाली व हिंदी यांनीं 'उपन्यास' म्हटलें, गुजरातीनें 'नवलकथा' म्हटलें. मराठी व कन्नड या दोन भाषांनीं मात्र महाश्वेता व कादंबरी यांची गोष्ट सांगणाऱ्या ग्रंथाचें विशेषनाम उचलून त्याचें सामान्यनाम केलें. आतां बाणानें दोन गद्यग्रंथ लिहिले. त्यांपैकीं 'हर्षचरित' ही त्याच्या मतें आख्यायिका व 'कादंबरी' ही कथा. अमरसिंहानें या दोहोंतील भेद थोडक्यांत सांगितला आहे : आख्यायिकेचा विषय घडलेला व ज्ञात असतो, कथेचा कल्पिलेला असतो. दंडीस हा भेद मान्य नाहीं. जात एकच, नांवें दोन, असें तो बजावतो. आमच्या शाळेंत हा वाद परीक्षेपुरता शिकविला जात असे. त्याचा उपयोग मराठी कादंबरीच्या विचारांत होईल असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांची अडचण अशी कीं, नांव कथेचें घेऊन मान मात्र आख्यायिकेचा हवा असतो. गुंजीकर या बाबतींत सावध होते. त्यांनीं काळ शिवाजीमहाराजांचा घेतला, पण किल्ला कल्पित घेतला. मोचनगड नकाशावर शोधूं जाणाऱ्यास तो सांपडणार नाहीं, म्हणून त्या ग्रंथानें कोणाची फसगतहि केली नाहीं. हरिभाऊंनीं खरा किल्ला व खरा वीर घेतला. त्यांचें सामर्थ्य एवढें कीं त्यांच्या ग्रंथाचें नांव लोकांच्या तोंडीं इतिहासाचें वाक्य होऊन बसलें. कोंढाण्यास सिंहगड हें नांव तानाजीच्या मरणानंतर, म्हणजे फेब्रुवारी १६७० नंतर पडलें, असें आजहि शाळेंतील मुलें सांगतात, व त्यांचे गुरुजीहि सांगतात. वस्तुतः १६६३ च्या शिवकालीन पत्रांत सिंहगड हेंच नांव आलेलें आहे. घोरपडीची गोष्ट पोवाड्यांतून आलेली. सभासदाच्या बखरींत तिचा मागमूस नाहीं. हा दोष कादंबरीकाराच्या माथीं मारावा असें मी म्हणत नाहीं. त्यानें कथा लिहिली; आम्ही ती आख्यायिका म्हणून वाचली. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ सालीं निघाल्यापासून थोरल्या माधवरावांचेंहि असेंच झालें आहे. थेऊरास जाणाऱ्या यात्रेकरूच्या मनांत जे माधवराव-रमाबाई असतात ते दप्तरांतून आलेले नसतात.

दांडेकरांच्या दोन कादंबऱ्यांत असा एकहि पुरुष नाहीं. येथेंच त्यांची किंमत आहे, असें माझें मत झालें आहे.

तुंग, म्हणजेच कठीणगड, हा पवनेच्या खोऱ्यावर सुळक्याप्रमाणें उभा आहे. समोर तिकोना, उत्तरेस लोहगड व विसापूर. या चौघांचींहि नांवें पुरंदरच्या तहान्वयें (१६६५) मोंगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांच्या यादींत आढळतात. पुढें मार्च १८१८ मध्यें लोहगड व विसापूर इंग्रजांनीं घेतले, आणि आसपासचे लहान किल्लेहि त्यांच्या पाठोपाठ गेले. येथपर्यंत आपल्याजवळ कागद आहेत. त्यानंतर काय? शिबंदी गेली, तोफा गेल्या, तट ढासळले. पण घेऱ्यांतील माणसें कोठें गेलीं? तीं कोठेंच गेलीं नाहींत. पायथ्याच्या वाड्यांतून भात व नाचणी पिकवीत तीं तेथेंच राहिलीं. त्यांच्याविषयीं आपलें दप्तर जवळजवळ मुकें आहे.

दांडेकरांचा धोंडी हा या मुकेपणाचा प्रतिवाद आहे. तो आपल्यास गडाचा हवालदार समजतो. गडावर राखण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, हुकूम देणारा कोणी नाहीं. पण हवालदारी आहे, कारण ती वाडवडिलांपासून आली आहे. संशोधकानें या ठिकाणीं थांबून विचार करावा. सभासदाच्या वर्णनांत गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी, एकावर एकाचा दाब राहील अशा बेतानें नेमलेले दिसतात. आज्ञापत्रांत तर अशा अधिकाऱ्यांस एका गडावर फार काळ ठेवूं नये, ठरलेल्या मुदतीनें बदलावें, असा स्पष्ट दंडक आहे. म्हणजे हवालदारी ही मूळची बदलीची चाकरी. ती वंशपरंपरेची केव्हां झाली? पेशवाईंत किल्ल्याच्या चाकरीस वतनाचें रूप येत गेलें हें आपण सामान्यतः मानतों. परंतु कागदावर नांव चढणें निराळें व त्या नांवासाठीं माणसानें जीव टाकणें निराळें. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा कागदांत मिळणें कठीण. तो या कादंबरींत आहे. तो लेखकानें कल्पिला असेल. पण असा मनुष्य त्या खोऱ्यांत संभवतो, हें खोरें पायांखालीं घातलेल्या लेखकाची साक्ष आहे. दांडेकर दीर्घकाळ तळेगांव दाभाडे येथें राहत होते व आयुष्यभर गड हिंडले. गाडींतून उतरून दुपारच्या गाडीनें परत जाणाऱ्या लेखकाचें हें काम नव्हे.

बाणाकडे पुन्हां वळावें लागतें. 'हर्षचरिता'ची थोरवी राजस्तुतींत आहे असें जुने टीकाकार समजत. आजच्या इतिहासकारास त्या ग्रंथांतील अत्यंत मोलाचा भाग विचारला तर तो बहुधा सातव्या उच्छ्वासाच्या शेवटचें विंध्यारण्यांतील खेड्याचें वर्णन काढून दाखवील. तेथें राजा नाहीं. जंगल तोडून केलेलीं लहान शेतें, डोईवर ओझीं घेऊन जाणारीं माणसें, पाणपोया, कुंपणें, घरांतील भांडीं एवढेंच आहे. वासुदेवशरण अग्रवाल यांनीं १९५३ सालीं 'हर्षचरिता'चा जो सांस्कृतिक अभ्यास प्रसिद्ध केला, तो अशाच जागा वेंचून उभा केला आहे. आख्यायिकेंत जेथें आख्यायिका थांबते तेथेंच ती इतिहासास उपयोगी पडली. तेराशें वर्षांनंतर कोणी मावळाविषयीं असाच शोध करूं लागला, तर शिवकालावरील भव्य कादंबऱ्या तो बाजूस ठेवील व 'पवनाकाठचा धोंडी' हातीं घेईल, असें मला वाटतें.

यास आणखी एक कारण घडून आलें आहे. ही कादंबरी निघाल्यानंतर दोन दशकांच्या आंत पवनेवर धरण झालें, आणि खोऱ्याचा तळ पाण्याखालीं गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढें अनेक वर्षें रेंगाळला. आज तुंगावरून खालीं पाहिलें असतां जलाशयाचा विस्तार दिसतो. सहलीस येणारे त्यालाच पवन मावळ समजतात. पाण्यापूर्वींचें खोरें, तेथील वाटा, खाचरें, माणसांची एकमेकांशीं बोलण्याची रीत, हें सर्व १९५५ च्या या पुस्तकांत राहिलें आहे. लेखकास पुढचें ठाऊक नव्हतें. म्हणूनच त्या वर्णनांत शोकाचा सूर नाहीं व तें अधिक विश्वसनीय वाटतें.

'माचीवरला बुधा' विषयीं माझें मत इतकें एकमुखी नाहीं. श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मध्यें पसरलेली राजमाची लोणावळ्याहून सुमारें पांच कोस आहे. मुंबई सोडून एक म्हातारा या डोंगरावर परत येतो व झाडें, पांखरें, जनावरें यांच्या संगतींत एकटा राहतो, एवढेंच कथासूत्र. बोरघाटांतून १८६३ मध्यें आगगाडी सुरू झाल्यापासून मावळांतला मनुष्य मुंबईकडे वाहत गेला. परत येणाऱ्याची गोष्ट कोणी लिहिली नव्हती. विषय मोठा आहे. परंतु लेखकाचा जीव वर्णनांत रमतो, हिशेबांत रमत नाहीं. ज्यास रोजकीर्द वाचण्याची संवय आहे त्यास वारंवार वाटत राहतें कीं, म्हाताऱ्याचें मीठमिरची कोठून येतें तें एकदां सांगून टाकावें. निसर्गहि येथें जरा अधिक सौम्य आहे. मी येथील पावसांत अनेक वर्षें काढलीं आहेत. तो इतका मायाळू नाहीं. तरी पण पुस्तक हातावेगळें करवलें नाहीं, व शेवटचीं पानें वाचतांना चष्मा पुसावा लागला, हेंहि नमूद केलें पाहिजे. वाङ्मय म्हणून कदाचित् तीच सरस ठरेल. साधन म्हणून धोंडी सरस.

भाषेसंबंधानें एक इशारा. दोन्ही पुस्तकांतील संवाद मावळी बोलींत आहेत व ते कानास गोड लागतात. पण छापील कादंबरींतील बोली वाचकासाठीं थोडी सुलभ केलेली असते. तिच्यावरून उच्चारांचे नियम बसवूं नयेत. शब्दांसाठीं मात्र ती खुशाल वापरावी. शेताचे, गुरांचे, गडाच्या भागांचे शब्द पाहून ते आपल्या कागदांतील शब्दांशीं ताडावे. मोडी कागदांत अडलेला एखादा शब्द कादंबरीच्या संवादांत उलगडावा, यांत कमीपणा नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. पोथीचें एक सुटें पान कोणी आणून दिलें तर आपण त्यास रेशमी रुमालांत ठेवतों. कादंबरीची पहिली आवृत्ति मात्र आपल्या देखत वाण्याच्या दुकानीं जाते. या तालुक्याच्या आसपासच्या एका वाचनालयानें जुन्या कादंबऱ्यांचे गठ्ठे, पुठ्ठे फाटले या सबबीवर, रद्दींत काढले. मला कळलें तेव्हां पुड्या बांधूनहि झाल्या होत्या. 'मोचनगड' ज्यांत आलें त्या 'विविधज्ञानविस्तारा'चे व हरिभाऊंच्या 'करमणुकी'चे जुने अंक अखंड स्वरूपांत किती घरीं असतील याचा ज्यानें त्यानें आपल्या कपाटापुरता तपास करावा. नंतरच्या आवृत्त्यांत लेखक व प्रकाशक फेरफार करतात. साल व आवृत्ति न पाहतां पुरावा काढणें म्हणजे नकलेवरून अस्सलाचा निवाडा करणें होय.

पवन मावळांतील घराण्यांचीं दप्तरें धरणाच्या वेळीं गांवाबरोबर हललीं. त्यांतील कांहीं तळेगांव, वडगांव, पुणें येथें नातलगांच्या माळ्यावर पडलीं असण्याचा संभव आहे. १८१८ नंतरच्या एखाद्या कागदांत तुंगाच्या घेऱ्यांतील कोणी मनुष्य आपल्यास हवालदार म्हणवीत असल्याचें आढळल्यास, मग तो कागद कितीहि क्षुल्लक असो, त्याची नक्कल तारीख व मायना यांसह या त्रैमासिकाकडे पाठवावी.