कौतिकचं कौतुक, अलकाचा दोष

किल्लारीत उभं राहून घराला तुरुंग म्हणताना जीभ अडखळते. इथल्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद माणसांना ऊन-थंडीपासून जपायलाच बांधलेलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेच झोपलेल्यांवर आलं. म्हणून ‘कुटुंब म्हणजे कैद’ असं आज सरसकट बोलायचं नाही. तीन कादंबऱ्या घेऊ आणि एवढंच पाहू की कर्तव्यात अडकलेल्या माणसाला आपण वाचक कसं वाचतो.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. त्यातली कौतिक म्हणजे राबणं. नवरा महादेव अंग मोडून काम करत नाही, पुढं त्याला महारोग होतो. ही मात्र मुलगा शिकावा म्हणून झिजते. तिच्याबद्दल आपण काय म्हणतो? खंबीर, सोशिक, माउली. छान. पण तिला दुसरी वाट होती का, हे विचारायला आम्हांलाही फार उशीर लागला.

तीनच वर्षांनी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्यात शिकतो, उधळतो, नापास होतो, गावी परततो. बापाच्या घरात त्याचा जीव गुदमरतो आणि तो खराच गुदमरतो, त्यात शंका नाही. धाकट्या मनीच्या मृत्यूची पानं आजही सलग वाचवत नाहीत. पण गंमत बघा, त्याच्या गुदमरण्याला समीक्षेनं परात्मता, अस्तित्ववाद असे भारदस्त शब्द दिले. कौतिकच्या वाट्याला सोशिकपणा. कोंडी पुरुषाची असली की ते तत्त्वज्ञान होतं आणि बाईची असली की संस्कार, असंच ना?

आता ‘बारोमास’. सदानंद देशमुखांची ही कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. गाव बुलढाण्याकडचं, पण औशा-निलंग्याच्या शेतकऱ्याला परकं वाटणार नाही. एकनाथ शिकलेला. संस्थाचालकांना द्यायला पैसा नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून शेती, आणि शेतीत काही उरत नाही. आई, बाप, भाऊ सगळे एकमेकांवर करवादतात. त्याला दाव्याला कुणी बांधलंय? बाप सुभानराव? तोही त्याच खुंट्याला आहे. इथं देशमुख फार नेमकं दाखवतात: भावाच्या पडेल किमतीनं आणि कर्जानं आवळलेला फास घरात शिरला की त्याचं नाव ‘जबाबदारी’ होतं, आणि मग माणूस सरकारवर चिडायचं सोडून बायकोवर चिडतो.

ती बायको अलका. शहरात वाढलेली, नवऱ्याला नोकरी लागेल या आशेवर तिचा संसार. ती वैतागते, भांडते, शेवटी माहेरी जाते. आणि वाचक लगेच निकाल देतात: स्वार्थी निघाली. कादंबरीही, आमच्या मते, या निकालाला पुरेसं अडवत नाही. एकनाथच्या मनात आपण पानंच्या पानं राहतो, अलकाच्या मनात क्वचित. तिनं थांबून काय करायचं होतं, हा प्रश्न पुस्तकात हवा तितका मोठा होत नाही. थांबली असती तर फार तर आणखी एक कौतिक झाली असती, आणि आपण तिचंही कौतुक केलं असतं.

पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींनी ‘बारोमास’ वाचली असेल, तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा. माइक तिकडं द्या.