ओढ असलेलं प्रेम देवाला शोभतं का?

देवाचं माणसावरचं प्रेम आणि स्त्री-पुरुषांचं एकमेकांवरचं प्रेम, यांचा संबंध काय? ख्रिस्ती विचारात या प्रश्नाला विसाव्या शतकातलं सर्वांत ठाम उत्तर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले ल्यूथरपंथी धर्मशास्त्रज्ञ आंडर्स नीग्रेन यांनी दिलं. त्यांचा ‘इरॉस आणि अगापे’ हा ग्रंथ १९३० आणि १९३६ साली दोन भागांत आला. आज त्याचीच तपासणी करू.

नीग्रेन म्हणतात, ‘प्रेम’ या एका शब्दाखाली आपण दोन विरोधी गोष्टी कोंबतो. इरॉस म्हणजे ओढ. स्वतःत काही उणं आहे म्हणून सुंदर आणि मोलाच्या वस्तूकडे झेपावणं. ही प्लेटोची कल्पना. त्यात वासनाच असते असं नाही, अगदी ईश्वराकडे जाणारी ओढही त्यात येते. अगापे मात्र देवाचं. ते समोरच्याची लायकी बघत नाही. ज्याच्यावर करावं त्यालाच ते मोल देतं. द्राक्षमळ्याचा मालक शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, तसं.

या मांडणीचं बळ आधी मान्य करू. प्रेम पुण्याईवर मिळत असेल तर पापी माणसानं जायचं कुठे? त्याच्यासाठी नीग्रेन दार उघडं ठेवतात. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण आता हे माप घरात लावून बघा. समजा, बायकोनं विचारलं, ‘तुम्हाला मी का आवडते?’ नवरा म्हणाला, ‘तुझ्यात आवडण्यासारखं काही आहे म्हणून नव्हे. तुझ्या जागी कुणीही असती तरी मी असंच प्रेम केलं असतं.’ नीग्रेन यांच्या हिशेबानं हे निर्मळ अगापेच्या जवळ जातं. बाईला मात्र तो अपमान वाटेल, आणि तिचं बरोबरच आहे. तिला दया नको आहे. आपण, आपणच, कुणाला तरी हव्या आहोत एवढं तिला हवं आहे. बरं, ‘मला तू हवीस’ म्हणावं, तर नीग्रेन म्हणणार, ही तुझीच भूक. मग विवाहातल्या प्रेमानं उभं राहायचं कुठे?

शास्त्राचा आधारही इतका सरळ नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘गीतरत्न’मधल्या प्रियकर-प्रेयसीच्या प्रेमाला ‘अगापे’ हाच शब्द आहे. एवढंच काय, अम्नोननं तामारेवर बलात्कार केला, त्याआधीच्या त्याच्या आसक्तीलाही त्याच धातूचं क्रियापद वापरलंय! म्हणजे शब्द काही सोवळा नव्हता. उलट बाजूनं, ‘डायोनिसियस’ या नावानं लिहिणारा प्राचीन ख्रिस्ती लेखक देवाच्या प्रेमाला बेधडक ‘इरॉस’ म्हणतो. आपल्या मराठी बायबलमधला ‘प्रीती’ हा शब्दही बघा. देवासाठी तोच, आणि प्रेमिकांसाठीही आपण तोच वापरतो.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात ही फाळणी नाकारली. ओढ शुद्ध होत होत देण्यात परिपक्व होते, असं ते सांगतात. हे नीग्रेनपेक्षा खूपच माणसाळलेलं आहे. तरी त्यात ओढ ही कच्ची पायरी ठरण्याचा धोका राहतोच. पन्नास वर्षं संसार केलेल्या म्हाताऱ्यांना एकमेकांची नुसती सेवा पुरते का? आपण अजून हवेसे आहोत, हे त्यांनाही कळावं लागतं.

माझ्या मते मूळ चूक एका गृहीतकात आहे: ओढ नेहमी उणेपणातूनच येते. उधळ्या मुलाची गोष्ट आठवा. नीग्रेनही तिच्याकडे अगापेचा दाखला म्हणून बघतात. पण त्या बापाला काय कमी होतं? घर भरलेलं, चाकर भरपूर, थोरला मुलगा शेतावर. तरी धाकटा लांबवर दिसताच म्हातारा धावत सुटतो, गळ्यात पडतो. मुलाची लायकी तो बघत नाही, हे खरं. पण त्याला ‘कुणीही’ चालणार नव्हतं, हाच मुलगा हवा होता, हेही तितकंच खरं. अगापे आणि ओढ तिथे एकाच धावण्यात आहेत.

तेव्हा नीग्रेन जरूर वाचा. कृपा म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिका. पण देवाला कुणाचीच ओढ नसते असं म्हणाल, तर त्या धावणाऱ्या बापाचं काय करायचं, हे मला सांगा. प्रश्नोत्तरांत तिथूनच सुरुवात करू.