लाडू चुटकीचे, पराक्रम भीमचा

वाराणसीत अस्सी घाटाजवळ भदैनीला राणी लक्ष्मीबाईच्या जन्मस्थानी स्मारक आहे. पुतळा अर्थातच घोड्यावर, हातात तलवार. चित्रकथांत आणि पडद्यावरही ती बहुतेक वेळा अशीच भेटते, थेट मोठी झालेली. मनूचं, म्हणजे लहानग्या लक्ष्मीबाईचं, बालपण मात्र दोन प्रसंगांत उरकतं. खरं तर अ‍ॅनिमेशनला याहून सरस विषय सापडायचा नाही. काशीत दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे, लहानपणीच आईला मुकलेली लेक, पुढे बिठूरला मुलांच्या बरोबरीने घोडेस्वारी. या गोष्टीत सगळ्यात उपेक्षित राहिला तो लेकीला हे सारं करू देणारा बाप. (१८४२ साली तिचं लग्नही त्यानेच लावून दिलं, त्याला उगाच आजचा पुरोगामी ठरवू नये.)

आपल्या अ‍ॅनिमेशनला अशी मुलगी रंगवता येत नाही, असं नाही. विजया मुळे यांच्या १९७४च्या ‘एक अनेक और एकता’मध्ये शंका धाकट्या भावाच्या आणि उत्तरं ताईची. स्त्री-पुरुष समतेबद्दल त्यात चकार शब्द नाही. शहाणी ताई तिथे गृहीतच धरली आहे. नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी राम मोहन यांच्या हातून ‘मीना’ ही अ‍ॅनिमेशनमधली मुलगी घडली. एका भागात आंबा वाटताना मोठा तुकडा तिच्या भावाला, राजूला मिळतो, म्हणून भावंडं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. मीनाची कामं करताना राजूचा जीव मेटाकुटीला येतो, वर ताटात तिच्या वाट्याचंच थोडं अन्न पडतं, आणि आईबापांचे डोळे उघडतात. उत्तर प्रदेशातल्या सरकारी शाळांत मुलींचे ‘मीना मंच’ निघाले, ते याच मीनाच्या नावाने.

तरी एक गोष्ट खटकते. कोंबड्या मोजण्याच्या भागात मीनाला शाळा मिळते ती चोरी पकडून दिल्यावर. राजूला शाळेत जाण्यासाठी कुठलाच चोर पकडावा लागला नव्हता.

मग २००८मध्ये ‘छोटा भीम’ आला आणि बाजाराचं गणित बदललं. त्यातली भीमची मैत्रीण चुटकी धीट आहे, हुशारही आहे. पण लाडू तिच्या आईच्या, टुनटुन मौसीच्या दुकानातले. ते खाऊन अंगात बळ संचारतं भीमच्या. त्यांचं ढोलकपूर राज्य वाचवण्याचं श्रेयही बहुधा त्याचंच. मीनामागे युनिसेफ होती. भीमला प्रेक्षकसंख्या राखायची आहे, आणि नायक एकदा चालला की त्याला हात लावायला कोण धजावणार?

पण सगळं खापर स्टुडिओवर फोडणंही सोयीचंच. पोराने जेवावं म्हणून मोबाइलवर भीम लावून दिला जातो आणि घास भरवणारी बहुतेक घरांत आईच असते. पडद्याच्या आत आणि बाहेर, वाढणारी बाईच. अशा घरात मीनाचे सगळे भाग दाखवले तरी मूल शिकेल ते समोर दिसतं तेच.

मनूच्या बालपणावर कुणी मराठी निर्मात्याने पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट करावा, मोरोपंतांसकट आणि त्या लग्नासकट. तोवर मीनाचा आंब्याचा भाग मुलग्यांना आवर्जून दाखवा, आणि त्या वेळी बाबांनी शेजारी बसावं.