मग काय झालं, बाई?

दिवाळीत सहकुटुंब चित्रपटाला जाण्याची आमच्या घरची रीत जुनी आहे. लक्ष्मीपूजन झाले, फराळाची ताटे शेजारीपाजारी पोचती झाली, की पाडव्याला सारे घर बाहेर पडते. पूर्वी डोंबिवलीतल्याच टॉकीजात काम भागे. आता ठाण्याच्या मॉलमध्ये पाच माणसे न्यायची म्हणजे मास्तरणीच्या पगाराला चांगलीच चाट बसते. पण माझे रडगाणे पैशाचे नाही. गेल्या खेपेस परतीच्या लोकलमध्ये सासूबाईंनी विचारले, “अगं, शेवटी झालं काय त्यात?” आणि मला सांगता येईना! चित्रपटाचे नाव सांगत नाही. सणासुदीला कोणाला नावे कशाला ठेवा?

आता माझ्या अधिकाराविषयी. मी दहावीच्या पुढे शिकले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या खऱ्या. पण गोष्ट कशाला म्हणतात ते मला कळले डोंबिवलीच्या बालवाडीत. चार-पाच वर्षांच्या मुलांइतके कठोर टीकाकार शोधून सापडायचे नाहीत. गोष्ट रंगली की ती विचारतात, “मग काय झालं, बाई?” हे ‘मग’ ज्या क्षणी थांबते, त्या क्षणी कोणी शेजाऱ्याची वेणी ओढतो, कोणाला तहान लागते. मग तुम्ही राक्षसाचा आवाज कितीही मोठा काढा, उपयोग नाही.

आमच्या चित्रपटांतून हे ‘मग’ हरवत चालले आहे. २०२२ साली ‘धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे’ आला. आनंद दिघे यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. प्रसाद ओक पडद्यावर दिसताच शिट्ट्यांनी थिएटर दुमदुमले. ओकांनी भूमिकेत जीव ओतला आहे, यात शंका नाही. पण कथानक? कोणी अडचणीत सापडते, साहेब येतात, न्याय होतो. पुन्हा कोणी अडचणीत सापडते. मणी पुष्कळ आहेत, पण दोरा दिसत नाही. हा प्रसंग आधी घातला काय आणि नंतर घातला काय, फारसे बिघडू नये! ज्याच्या दारी रोज गाऱ्हाण्यांची रांग लागे, त्या माणसाला एखादी रात्र तरी जड गेली असेल. मला ती रात्र पाहायची होती.

कोणी म्हणेल, थोरांचे चरित्र असेच सांगावे लागते. तर मग १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहावा. तुकोबांची कथा तेव्हाही साऱ्यांना पाठ होती. तरी दामले-फत्तेलालांनी तुकोबांसमोर त्यांची बायको जिजाई उभी केली. घरात दाणा नाही, पोरे उपाशी आणि नवरा भजनात! गौरीबाईंनी रंगवलेली ती संतापलेली आई विठ्ठलावर वहाण उगारते, तेव्हा बाजू कोणाची घ्यावी हेच आपल्याला कळेनासे होते. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला; तो त्यातल्या विमानामुळे झाला असेल, असे मला तरी वाटत नाही.

इतके मागे तरी कशाला जा? २००५ साली निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला, तेव्हा माझे नुकतेच लग्न झाले होते. सांगाडा ‘फॉलिंग डाउन’ या १९९३च्या अमेरिकन चित्रपटाचा. पण वरचे रक्तमांस आपले. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे रोज उठतो, आवरतो, स्टेशन गाठतो, गर्दीत चेंगरतो, परततो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे चक्र दिग्दर्शक कंटाळा येईपर्यंत फिरवतो. तो कंटाळाच पुढे कामी येतो. आपट्यांच्या हाती बॅट येते ती नायकाने मारामारी करायची असते म्हणून नव्हे. आधी पुष्कळ सोसले म्हणून. घरी येईपर्यंत आमचे यजमान एक अक्षर बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, “ती बॅट मी चारदा उचललीय. मनात.” दोन वर्षांनी कामतांनी हीच गोष्ट तमिळमध्येही सांगितली. डोंबिवलीचे दुःख मद्रासेलाही कळले म्हणायचे!

त्याच डोंबिवलीवर २०२२ साली ‘झोंबिवली’ निघाला. उंच इमारती, शेजारची वस्ती आणि मधे पाण्याचा तंटा! ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे त्यांना याहून जिव्हाळ्याचा विषय कोणता? पण मुडदे धावू लागले आणि पाणी बिचारे तोंडी लावण्यापुरते उरले. हसले मीही. सकाळी मात्र काही आठवेना.

मराठी चित्रपटांना पडदे मिळत नाहीत ही तक्रार रास्त आहे, आणि ती मीही करते. पण मिळालेल्या पडद्यापुढून माझ्यासारखी घरे एकेक करून उठू लागली, तर तक्रार कोणाकडे न्यायची?

यंदा पाडव्याला कुठे जायचे ते अजून ठरत नाही. पोरे मॉलचा हट्ट धरून बसली आहेत. सासूबाई म्हणतात, “मला घरीच राहू द्या. तुम्ही जाऊन या, आणि गोष्ट तेवढी मला सांगा.”